समुद्राच्या तळाशी अडकलेलं भाडं

आधी माफी मागून घेते. माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मला अजून पत्ता लागत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर लिहिण्याचं काम म्हणजे सही आणि किराण्याचं सामान. माझ्या मुलीच्या, पल्लवीच्या, जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. वही तिच्या हातात पडलीच तर तिने चुका काढू नयेत आणि कोणाला वाचून दाखवू नये.

मला ठोंबरेबद्दल लिहायचं आहे. आमच्या वरच्या खोलीत तो दोन उन्हाळे भाड्याने राहिला. तोंडावर मी त्याला सर म्हणत होते. इथे म्हणणार नाही. माणूस मेला की त्याच्याबद्दल चांगलं लिहितात. ठोंबरे मेलेला नाही, सक्करदऱ्याला एका शिकवणी वर्गात भूगोल शिकवतो, आणि चांगलं लिहायचं असं काही मी ठरवलेलं नाही.

आमचं घर मनीषनगरात. पल्लवीचे बाबा बुटीबोरीला धाग्याच्या कारखान्यात होते. ते असतानाच त्यांनी वर एक खोली आणि न्हाणीघर बांधून ठेवलं. मी खाली ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते. त्यात दोघींचं पोट भरतं, पण पल्लवीच्या नर्सिंगची फी निघत नाही. फी वरच्या भाड्यातून जाणार, एवढा एकच हिशेब आमच्या घरात होता. भाडं आलं तर ती नर्स होणार, नाही आलं तर माझ्याशेजारी मशीनवर बसणार.

आणि मी अशी, की मला माणसांशी बोलायचीच भीती. ब्लाउजची मापं घेतानासुद्धा मी मान वर करत नाही. भाडं मागायला जिना चढायची आणि पाच पायऱ्यांवरून परत यायची. ठोंबरेला हे पहिल्याच महिन्यात समजलं असणार. अशा लोकांना समोरच्याची भीती बरोबर दिसते.

तो आला तेव्हा त्याची आई रामदासपेठेत दवाखान्यात होती. आईसाठी म्हणून आला. आई गेली, हा राहिला. त्याआधी तो कुठेतरी समुद्रकाठच्या मोठ्या संशोधनाच्या ऑफिसात होता. तिथल्या साहेबाशी भांडून नोकरी सोडली होती. त्याचं मूळ गाव काटोलच्या बाजूचं, पण बोलायचा अगदी पुस्तकातलं. मला काकू म्हणायचा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा माणूस, डोक्यावर केस राहिले नाहीत, आणि मी त्याची काकू! पल्लवीला फार हसू यायचं. मला नाही यायचं.

सकाळी चौकात जाऊन उभ्याने तर्री-पोहे खायचा आणि रोज येऊन सांगायचा की तर्रीत दम नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. फाटकाची कडी कधी लावली नाही. गाय आत येऊन माझी तुळस खाऊन गेली, तर म्हणाला, "काकू, कुंपणात फट आहे तिकडूनही आली असेल. कडीचंच कारण आहे असं ठामपणे म्हणता येणार नाही." कोणतीही गोष्ट ठामपणे म्हणता येणार नाही, हे मात्र तो ठामपणे म्हणायचा.

मे महिन्यात मी कूलरची टाकी भरायला वर गेले. बाहेर आग पडत होती. बघते तर हा बनियनवर बसलेला, घामाने निथळतोय, आणि कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे! माणसाला वारा नाही, मशीनला गार हवा. नळाला एक दिवसाआड पाणी, आणि मी बादल्या वाहायच्या त्या डब्यासाठी.

"सर, तुमच्याकडं फिरवा ना जी तो कूलर," मी कसंबसं म्हटलं.

"मी तापलो तर चालतं, काकू. हा तापला तर तीन दिवसांचं गणित जाईल."

विजेचं बिल कोणाच्या नावावर येतं, हे त्याने विचारलं नाही.

त्याचं गणित काय होतं ते मला पल्लवीने समजावलं. ती जिन्यात बसून त्याला प्रश्न विचारायची आणि तो तिला मात्र भरभरून सांगायचा. खोल समुद्राच्या तळाशी, जिथे उजेड पोचत नाही, तिथे स्पंज असतात. भांडी घासायचे नव्हेत, जिवंत. झाडासारखे एका जागी रुजलेले, पण झाड नाही, प्राणी. पाणी गाळून त्यातलं खातात. त्यांच्या आडोशाने मासे, खेकडे, किती तरी जीव राहतात. आणि वाढतात इतके हळू, की पणजीच्या पणजीच्या वेळचा स्पंज अजून तिथेच उभा असेल. इतक्या खोल जाऊन बघणं भारी खर्चाचं, म्हणून खाली न जाता ते कुठे असतील याचा अंदाज करायचा. आधी जिथे सापडले तिथे खोली किती, थंडी किती, पाण्याचा ओघ कसा, तळ उताराचा की सपाट, हे सगळं मशीनला द्यायचं. मग मशीन बाकीच्या समुद्रात तशाच जागा शोधतं आणि नकाशात लाल करून दाखवतं.

"म्हणजे लाल तिथं स्पंज आहे," पल्लवी म्हणाली.

"नाही. लाल म्हणजे आहे असं नाही. लाल म्हणजे जाऊन बघ."

"पण सर, नागपुरात बसून? इथं तर अंबाझरी तलाव आहे फक्त."

तो हसला नाही. त्याला हसता येत नव्हतं असं नाही, पण समुद्राच्या बाबतीत नाही.

त्याच्याकडे एक वाळलेला स्पंज होता, टेबलावर उघडाच ठेवलेला. पांढरा, जाळीजाळीचा. वाळलेल्या गिलक्याची घासणी असते ना, हुबेहूब तशी. एकदा खोली झाडताना मला तो खाली पडलेला दिसला. मला वाटलं घासणीच, म्हणून उचलून न्हाणीघरात नळाजवळ नेऊन ठेवला. ठेवते तोच बोटांत आग उठली. शंभर सुया टोचल्यासारखं. तो काचेचा होता! खरोखर काचेचा, तो प्राणीच आपल्या अंगात काचेचे धागे तयार करतो म्हणे. मी बोटं झटकत बाहेर आले आणि हा समोर.

"हात लावलात? तुटला का?"

बोटांचं विचारलं नाही. धावत न्हाणीघरात गेला, तो तुकडा दोन्ही हातांवर घेऊन खिडकीशी नेला, सगळीकडून पाहिला. मग कधीतरी त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. टेबलावरची चिकटपट्टी फाडून दिली. "ही बोटांवर दाबा आणि ओढून काढा. चोळू नका, आत जातील." धागे निघाले, खरं सांगते. पण त्या दिवशी मशीन चालवताना प्रत्येक शिवणीला मी त्या माणसाला शिव्या दिल्या. मनात. माझ्या सगळ्या शिव्या मनातच असतात.

पहिलं वर्ष साठवलेल्या पैशातून त्याने भाडं दिलं. मग ते संपले आणि भाडं थांबलं. त्याला एका कंपनीचं काम मिळालं होतं. त्या कंपनीला समुद्राच्या तळावरून धातूचे गोळे खरवडून काढायचे होते. जिथे स्पंज असतील ती जागा सोडून द्यायची, अशी अट होती. म्हणून ठोंबरेचा नकाशा हवा होता. नकाशा पोचला की पैसे. सगळे एकदम.

पल्लवीला मी महिन्या-महिन्याला वर पाठवायची. ती खाली येऊन त्याचं उत्तर त्याच्याच आवाजात सांगायची, "मिळण्यासारखी परिस्थिती आहे, काकू." पाऊस येईल का विचारलं तरी तो असाच बोलायचा, येण्यासारखी परिस्थिती आहे. पावसाचं ठीक आहे. फीची तारीख तशी नसते. बाजूच्या वर्षाताईने विचारलं, "कुठी अडकलं वं भाडं?" मी म्हटलं, समुद्राच्या तळाशी. तिला वाटलं मी थट्टा केली. मी आयुष्यात थट्टा करत नाही, हे तिला माहीत असायला हवं होतं.

पोळ्यानंतरची गोष्ट. नकाशा पुरा झाला होता. चार-पाच दिवसांत पाठवतो म्हणाला होता. फीची शेवटची तारीख त्यानंतर होती, मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. त्यात जिन्याखाली ठेवलेल्या जुन्या कूलरमध्ये साप निघाला. वर्षाताईने सर्पमित्राला फोन केला. जाडसर माणूस, गळ्यात टॉवेल, हातात आकडी. साप बरणीत भरल्यावर त्याला बोलायचा हुरूप आला.

"लय साप आहे जी मनीषनगरात. मोबाइल पाहा ना माझा. सगळे फोन इकडूनच. मनीषनगर, बेसा, बेलतरोडी. पूर्ण नागपुरात असे साप कुठीच नाही."

ठोंबरे पायरीवर उभा होता. त्याने विचारलं, "आणि गोरेवाड्याच्या जंगलातून किती फोन येतात?"

"जंगलातून कोण फोन करंन जी? माकड?"

आम्ही सगळे हसलो. वर्षाताई तर पदर तोंडाला लावून बसलीच. ठोंबरे एकटा तसाच उभा. सर्पमित्राने पैसे घेतले, बरणी घेतली, गेला. ठोंबरे वर गेला आणि त्या दिवशी पोहे खायलासुद्धा खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आला. पहिल्यांदाच. पल्लवी जेवत होती.

"काकू, मी नकाशा पाठवणार नाही."

मला वाटलं मशीन बिघडलं. पल्लवीने विचारलं, "काय झालं सर?"

"सर्पमित्राच्या मोबाइलमध्ये साप कुठे आहेत ते नव्हतं, माणसं कुठे आहेत ते होतं. माझंही तेच झालंय. जुन्या नोंदी मासेमारीच्या बोटींच्या. जाळं जिथे ओढता येतं तिथलेच स्पंज वर आले. मशीन स्पंज कुठे राहतात ते शिकलंच नाही. बोटी कुठे जातात ते शिकलं."

"हे तुमाले कालच समजलं?"

"नाही. आधीपासून माहीत होतं. थोडी दुरुस्ती केली होती. तेवढी पुरे आहे असं मी धरून चाललो होतो. पैसे हवे होते, म्हणून धरून चाललो होतो."

"मग आता?"

"लाल नाही तिथे कंपनी यंत्र फिरवेल. ती जागा रिकामी आहे म्हणून पांढरी नाही, तिथे कोणी गेलेलंच नाही म्हणून पांढरी आहे. खाली कॅमेरा सोडा आणि आधी बघा, असं मी त्यांना कळवलंय."

"आणि पैसे?"

"नकाशा नाही तर पैसे नाहीत."

मी पोळी लाटत होते. बेलणं हातात तसंच राहिलं. माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी कधी कोणाला बोलले नव्हते, नवऱ्यालाही नाही.

"तुमचा खरेपणा माझ्या पैशानं काहून करून राहिले तुम्ही?"

मग मला थांबता येईना. "तुमचा जीव तिकडं पाण्याखाली, त्याले पाहायले कॅमेरा पाठवून राहिले. माझी पोट्टी इथं ताटावर बसली आहे, तिले पाहा ना! चार दिवसांनी समजलं असतं तर? आधी पाठवून द्यायचा, मग खरं बोलायचं. इतके दिवस चाललं ना, आणखी चार दिवस नाही चालत होतं?"

"मले माहीत आहे वं बाई," तो म्हणाला. काटोलकडचं बोलणं. पुस्तक कुठे गेलं कोण जाणे. "सगळं माहीत आहे. तुमचे पैसे मी देईन."

"कुठून?"

"पाहतो."

"खोली खाली करा," मी म्हटलं. पोळी तव्यावर जळली होती.

दसऱ्याच्या आधी तो गेला. हातगाडीवर गादी, टेबल, पुस्तकांची खोकी. कॉम्प्युटर आदल्या दिवशीच कोणी येऊन विकत घेऊन गेलं होतं. त्याचे पैसे त्याने माझ्या हातावर ठेवले. थकलेल्या भाड्याच्या मानाने थोडेच होते. जाताना फाटकाची कडी लावली नाही.

माझ्या पाटल्या गहाण टाकून मी पल्लवीची फी भरली. सोन्यावर कर्ज देणाऱ्या त्या ऑफिसात काचेपलीकडच्या मुलीने पाटल्या तराजूवर टाकल्या तसा माझा हात आपोआप पदराखाली गेला. दिवाळीचे ब्लाउज मी इतके शिवले की मान वळेना. आणि घरात माझ्याच मुलीचं बोलणं.

"आई, सर चुकले नाही वं."

"मग तुही फी तो स्पंज भरंन का?"

"तसं नाही म्हणून राहिली मी."

"मग कसं?"

आमच्या दोघींत त्या माणसामुळे पहिल्यांदा बोलणं बंद झालं. हेही त्याच्या खात्यावर.

त्यानंतर तो रविवारी यायला लागला. दर महिन्यात एक रविवार. पूर्वी शिकवणी वर्गांना तो पोपट पाळायची दुकानं म्हणायचा. आता त्यातल्याच एकात मुलांकडून नद्यांची नावं पाठ करून घेत होता. जुनी स्कूटर फाटकाबाहेर उभी करायचा, आत यायचा नाही. मी फाटकाशी जायची, पैसे घ्यायची. पाणी विचारलं नाही. भर उन्हात दाराशी आलेल्याला पाणी विचारलं नाही, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. तोही मागत नव्हता. घसा खाकरायचा आणि स्कूटरला लाथा मारायचा.

एकदा पल्लवी घरी होती. ती फाटकाशी धावली.

"सर, कॅमेरा गेला का खाली?"

"नाही. कंपनीने दुसऱ्याकडून नकाशा करून घेतला. त्याच नोंदींवरून."

"तसाच?"

"तसाच. लाल जरा जास्त गडद."

"त्याले पैसे भेटले?"

"भेटले असतील."

"मग तुम्ही नाही पाठवला, त्यानं काय झालं सर?"

"काही नाही झालं."

मी ओसरीत फॉल लावत होते. सुई बोटात गेली. सांगते, त्या वेळी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा तो जळत्या पोळीच्या दिवशीही आला नव्हता. माझ्या पाटल्या गेल्या, याचं काम गेलं, मशीन गेलं, आणि खाली जे व्हायचं तेच होणार. इतकं सगळं करून काही नाही झालं! निदान खोटं तरी बोलायचं होतं, पल्लवीसाठी. म्हणायचं होतं की कॅमेरा गेला, स्पंज दिसले, वाचले. तेवढंही त्याच्याकडून झालं नाही.

रात्री पल्लवी म्हणाली, मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं माहीत नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे, मी पाठवला असता. ती म्हणाली, हो आई, तू पाठवला असता. त्यात ती मला वाईट म्हणाली की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

तो एकाही महिन्याचा नागा न करता येत राहिला. पल्लवी शेवटच्या वर्षाला गेली, मग पासही झाली. आता तिला दवाखान्यात पगार आहे. पाटल्या तिनेच सोडवून आणल्या.

शेवटचा रविवार या एप्रिलमधला. दुपारचं ऊन. तो स्कूटरवरून उतरला, हेल्मेट काढलं. बराच वाळला होता. शर्टाच्या खिशावर खडूची भुकटी. सुट्टीच्या दिवशीही वर्ग घेत असावा. त्याने लिफाफा दिला.

"हे शेवटचे."

मी त्याच्यासमोर मोजले. तो उभा राहिला. मी घाई केली नाही.

"पल्लवीचं झालं ना सगळं?" त्याने विचारलं.

"झालं. तुमच्यामुळं नाही."

"नाही," तो म्हणाला.

त्यात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. मी जे म्हटलं ते बरोबर होतं, एवढंच त्याने सांगितलं. मला पुढे काहीतरी बोलायचं होतं, आणि ते चांगलं नव्हतं, पण त्याला जागाच राहिली नाही.

"तुमच्या हिशेबाशी जुळतं का?" त्याने विचारलं.

जुळत होतं. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही. जास्त असता तर मी तो तिथेच त्याच्या स्कूटरवर ठेवला असता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून तर त्याने ठेवला नव्हता.

"फिटले," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, हेल्मेट घातलं. स्कूटर तिसऱ्या लाथेला सुरू झाली. वळणाशी त्याने हात दाखवला, मागे न बघता, जसा गाडी वळवताना दाखवतात तसा. मग दिसेनासा झाला, आणि मी लिफाफा घेऊन घरात आले.